गुलाम हुसेनची शिफ्ट आणि तीन मोटारसायकली

गुलाम हुसेन खोत आपल्या मेहुण्याचा अपमान करताना 'तुम्ही'च्या खाली कधी उतरत नसत. बहिणीचा नवरा म्हणजे घरचा दुल्हेभाई. त्याला अरे-तुरे केलं तर बिरादरीत नावं ठेवतात. म्हणून ते चोवीस लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणत, "दुल्हेभाई, अल्लानं तुम्हाला डोकं टोपी ठेवायला दिलंय हे मला ठाऊक आहे. पण आज टोपीसुद्धा विसरलात!" आणि नवख्या माणसाला वाटे, काय अदब आहे या घरात.

इक्बाल हे नऊ वर्षं ऐकत होता. भिवंडीतल्या धामणकर नाक्यामागच्या त्या शेडचं कुलूप तो उघडायचा, कारागिरांची हजेरी तो घ्यायचा, वीजवाल्यांशी तो भांडायचा, ट्रकमध्ये कापडाच्या गाठी तो चढवायचा. गुलाम हुसेन दारातल्या खुर्चीत बसून "हां" म्हणायचे. धंदा आपल्या या "हां"वर चालतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि तिला धक्का देईल असं कोणी आजवर वागलं नव्हतं.

त्यांचा एक नियम मात्र खरोखर नाव काढण्यासारखा होता. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा जुने लूम भंगाराच्या भावानं बाहेर आले. भिवंडीतल्या पुष्कळांनी ते डोळे मिटून उचलले आणि पुढे डोळे उघडे ठेवून रडले. गुलाम हुसेननी तसं केलं नाही. विकणाऱ्याला समोर स्टुलावर बसवायचं, लूम सुरू करायचा आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत अख्खी शिफ्ट काढायला लावायची. काढली तर पास. मध्ये दम तोडला तर नापास, घेऊन जा. या नियमानं त्यांना एकही लूम फसला नाही.

आयुष्यात एकच गोष्ट बरोबर जमलेल्या माणसासारखं मग त्यांनी तो नियम सगळीकडे लावला. घरात फ्रिज आला, त्यानं शिफ्ट काढली. फ्रिजला दुसरं काही कामच नसतं. शिलाई मशीन आलं, ते पास झालं. मिक्सर आला, त्यानं आधी खोबऱ्याची चटणी दिली, मग खोबऱ्याचं तेल दिलं आणि शेवटी धूर दिला. "नापास," गुलाम हुसेन म्हणाले, आणि बायका पुन्हा पाट्याकडे वळल्या.

नियम माणसांनाही होता. बहिणीसाठी, माजिदासाठी, इक्बालचं स्थळ शहापूरहून आलं, तेव्हा तो इस्त्रीची पँट घालून बघायच्या कार्यक्रमाला आला होता. त्याला सरबत मिळालं आणि सरबतानंतर चार लूम मिळाले. संध्याकाळी पँटची इस्त्री गेली होती, कानात घंटा वाजत होत्या आणि उजवं बोट सुजलं होतं. पण तो उभा होता. "पास," असं म्हणून गुलाम हुसेननी खजूर वाटला. त्याच्या आधी कल्याणचा एक मुलगा बघायला आला होता, तो जेवणाच्या सुट्टीतच पळाला. त्याचं आता कल्याणला बांगड्यांचं स्वतःचं दुकान होतं आणि तो दुपारी झोपतो असं ऐकिवात होतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीआधी राजस्थानातल्या पालीहून रंगाईवाले एक शेठ भिवंडीत आले. भिवंडीचं कोरं कापड तिकडे रंगायला जातं. मध्ये दोन-तीन दलाल बसलेले असतात. शेठनी कापड बोटात चोळलं, खुर्चीतल्या गुलाम हुसेनकडे पाहिलं, गाठीवर घाम गाळणाऱ्या इक्बालकडे पाहिलं, आणि जाताना इक्बालला बाजूला घेऊन म्हणाले, "नमूने लेके आप आओ पाली. दलाल को छोडो. आपके इधर के छोटे शेडवालों का माल भी लाओ, मैं सीधा आपसे लूंगा."

इक्बाल त्या दिवशी जेवला नाही. माजिदानं ताट झाकून ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "या साली बाहेर पडला नाहीत, तर पुढच्या साली भाईंच्या खुर्चीशेजारी तुमची खुर्ची लागेल. मग तुम्हीपण 'हां' म्हणायला लागाल. एवढं मला बघवायचं नाही."

"आणि भाई?"

"भाई ओरडतील. त्यांना दुसरं येतं काय?"

इक्बालनं मनात सगळं आखलं. मालेगाव, धुळे, इंदूर, रतलाम, चितोड, पाली. जाताना प्रत्येक बाजारात नमुने दाखवायचे आणि येताना मागण्या आणायच्या. त्यासाठी मोटारसायकल हवी. एस.टी.तून उतरलेला माणूस गरजू दिसतो. त्याला व्यापारी आधी पाणी विचारतात आणि मग भाव पाडतात. स्वतःच्या गाडीवरून आलेल्या माणसाला निदान बसायला सांगतात.

रात्रीच्या जेवणाला त्यानं विषय काढला. गुलाम हुसेननी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. नाही म्हणावं, तर इक्बालवाचून शेड अडते हे कबूल केल्यासारखं होत होतं. हो म्हणावं, तर शेड खरोखरच अडणार होती. त्यांनी दुसरा काटा काढला.

"जा की. तुम्हाला कोणी बांधून ठेवलंय? पण बाराशे किलोमीटरचा मामला आहे. मशीन भरवशाची पाहिजे. माझ्या बहिणीनं काय रस्त्यावर शोधत फिरायचं तुम्हाला? गाडी शेडच्या नावानं घेऊ. माझ्या नियमानं पास झालेली."

"मोटारसायकलला शिफ्ट?" इक्बालनं विचारलं.

"का? ती मशीन नाही? का तिचं स्थळ कल्याणचं आहे?"

नाक्यावर ही बातमी सकाळपर्यंत पोचली आणि इक्बालला सल्ले सुरू झाले. जो माणूस माणकोलीच्या पुढे कधी गेला नव्हता तो त्याला विंध्याचल कसा चढायचा ते सांगू लागला. पानवाला म्हणाला, दोन स्ट्रोकचीच घ्या, तिला आत काही नसतंच, बिघडेल काय? सुताला खळ देणारा सायझिंगवाला म्हणाला, दोन स्ट्रोकची गाडी तेल पिते, दारुड्याला घेऊन प्रवासाला जाल का? वजनदार घ्या. रिक्षावाल्यानं सांगितलं, वजनदार गाडी पडली की उचलायला चार माणसं लागतात. ती चार माणसं तुम्ही मागं बसवून नेणार का? एकानं तर, मोटारसायकल नकोच, उंट घ्या, पालीला विकून या, असंही सांगितलं. त्यातल्या त्यात तोच सल्ला थोडा विचार केलेला वाटला.

गाड्या होत्या वडप्याच्या चिंधू भोईरकडे. चिंधूनं महामार्गालगतची जमीन गोदामाला दिली होती आणि उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड ठोकून तो जुन्या मोटारसायकली विकत असे. गळ्यात सोन्याची साखळी आणि कमरेला टॉवेल. गाडीचं नाव काढलं की त्याला आपल्या मुलांपेक्षा जास्त प्रेमाचा उमाळा यायचा.

"लाल न्ये, इक्बालभाय," तो म्हणाला. "दुधवाल्याची हाय. दोन-दोन कॅन बांधून जव्हारचा घाट चढलीय. तुजा शेठ काय शिफ्टबिफ्ट म्हनतो ती पन काढंल."

लाल गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आली. लूमच्या दोन रांगांमधल्या गल्लीत तिला दोन पायांच्या स्टँडवर उभी केली. चिंधू स्टुलावर बसला. गुलाम हुसेननी खुर्ची आत आणवली. कारागीर हात चालू ठेवून माना वळवून बघू लागले.

सात वाजता इक्बालनं किक मारली. गुलाम हुसेननी खूण केली: वाढवा. मागचं चाक हवेत गरगरू लागलं. निळसर धूर लूमवरच्या पांढऱ्या कापडावर बसू लागला.

"भाई, दार उघडं ठेवतो," इक्बाल ओरडला.

"सूत तुटेल!"

यात मात्र ते बरोबर होते. कोरडा वारा आत आला की ताणलेलं सूत पटापट तुटतं, म्हणून भिवंडीत लूमच्या खिडक्या बंद असतात आणि पंखे कारागिरांच्या स्वप्नात असतात.

चिंधू स्टुलावरून उठला. "अवं शेठ, हिला वारा लागतो! पळते तवा वारा लागतो, म्हनून थंड ऱ्हाते!"

गुलाम हुसेननी कारागिरांकडे पाहिलं. "माणूस पळाला तर गरम होतो. याची गाडी पळाली की थंड होते. वडप्याचं पाणीच वेगळं!"

कारागीर हसले. मालकाच्या विनोदाला हसायची त्यांना सवय होती, पण या वेळी ते मनापासून हसले आणि चिंधू लाल झाला. गाडी आधीच लाल होती. पहिला चहा यायच्या आत तिच्या पोटातून एक कर्कश किंकाळी निघाली, चाक जागच्या जागी थांबलं आणि शेडमध्ये जळक्या तेलाचा वास पसरला.

"नापास," गुलाम हुसेन म्हणाले. मग त्यांनी काळवंडलेलं कापड बोटानं चोळून पाहिलं. "दुल्हेभाई, एवढं कापड तुम्ही नऊ वर्षांत मिळून खराब केलं नसेल. आज एका तासात केलंत. तरक्की आहे."

चिंधू हट्टी होता. दुसऱ्याच आठवड्यात तो काळी, भारी गाडी घेऊन स्वतः आला. तिचा आवाज असा की लूमचा खडखडाट क्षणभर बुजल्यासारखा वाटला. "हिच्यावर मी पुन्याला जाऊन आलू," तो दात ओठ खात म्हणाला. "बायकू मागं. सासू बी."

"सासू शिफ्ट काढून आली का?" गुलाम हुसेननी विचारलं.

काळीनं बरीच मजल मारली. सायलेन्सर आधी पिवळा पडला, मग निळा. खाली तेलाचं थारोळं झालं. इक्बाल घरून आणलेला टेबलफॅन उचलून जवळ नेऊ लागला, तर गुलाम हुसेन खुर्चीतून अर्धे उठले.

"मशीनला पंखा? उद्या लूमला रूहअफ्झा पाजाल! ठेवा खाली."

"भाई, रस्त्यावर तिला वारा मिळणारच आहे. इथं बंद खोलीत—"

"रस्त्यावर मी नसणार. इथं आहे. माझ्यासमोर जिला घाम फुटतो ती माझ्यामागं काय करेल?"

हे वाक्य गाडीला उद्देशून होतं की नाही, हे इक्बालला कळेना. तोपर्यंत चिंधूचा धीर सुटला. इंजिनाखालून ठिणगीसारखं काहीतरी दिसलं आणि त्यानं झेप घेऊन चावी फिरवली. काळीला मिठी मारून, कमरेचा टॉवेल तिच्या टाकीवर फिरवत तो म्हणाला, "बस झाला. गाडी हाय ती, बकरा न्हाय."

"नापास," गुलाम हुसेन म्हणाले. "मालकासकट."

त्या दुपारपासून चिंधूनं नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की खोतशेठ मोटारसायकलींचे कबाब करतात. चांगलंच पसरलं ते. मशिदीबाहेर एकानं गुलाम हुसेनना अदबीनं विचारलं, पुढच्या शिफ्टला चटणी घरची आहे का बाजारची. गुलाम हुसेन हसले नाहीत. त्या दिवशी इक्बालला त्यांच्या तोंडून इतक्या वेळा 'तुम्ही' ऐकायला मिळालं की संध्याकाळी त्याचं डोकं दुखू लागलं.

पाली दूर चालली होती. रंगाईवाल्या शेठनी दिवाळीनंतरचा पंधरवडा सांगितला होता, आणि दिवाळी होऊन गेली होती. इक्बाल वडप्याच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. तिथं शेडच्या गाठी वाहणारा ट्रकवाला अनंता टायर ठोकून बघत होता.

"अनंता, तू महिन्यातून दोनदा तिकडं जातोस. रस्त्यात कडेला उघडून ठेवलेली कुठली गाडी जास्त दिसते?"

अनंतानं विचार केला. "जी जास्त दिसते ती जास्त विकलीपन जाते भाई. तसं नाय कळायचं." मग हातोडी खांद्यावर टाकून म्हणाला, "कुठली गाडी कोन उघडून बसलाय ते नका बघू. कुठल्या गाडीचं सामान सेंधव्याच्या सायकलवाल्याकडं बी मिळतं ते बघा. मोडायची सगळीच."

इक्बाल उठून चिंधूच्या पत्र्याखाली गेला. आजवर त्यानं गाडी कधी स्वतः निवडलीच नव्हती. दाखवली ती पाहिली होती. आता त्यानं चाकाच्या तारा एकेक करून वाजवून पाहिल्या, साखळी हातानं ओढली, गाडी आडवी पाडून एकट्यानं उभी करून बघितली. लाल गाडीला नवा पिस्टन बसला होता. काळी रुसल्यासारखी कोपऱ्यात होती. आणि एक शंभर सीसीची बारकी, चार स्ट्रोकची, राखाडी गाडी होती. सायकलला दिवस गेल्यासारखी दिसायची. तिच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं, चिंधूनंसुद्धा नाही.

"ही," इक्बाल म्हणाला.

"ती मास्तरांची गाडी हाय. आनि ऐक, तुज्या शेठच्या भट्टीत न्हाय देनार. मेली तरी न्हाय देनार."

तो पेच माजिदानं सोडवला. रविवारी भाऊ जेवत असताना तिनं पोळी वाढता वाढता विचारलं, "भाई, आपलं शिलाई मशीन आलं तेव्हा तुम्ही शिफ्ट कशी काढली?"

"कशी म्हणजे? तूच बसली होतीस. अठरा उशांचे अभ्रे शिवलेस."

"म्हणजे नुसतं पॅडल मारलं नाही. कापड शिवलं."

"मग? मशीनचं जे काम ते करायला लावायचं."

"आणि मोटारसायकलचं काम काय?"

गुलाम हुसेननी पोळी बाजूला सारली. आपल्या नियमानं आपल्याला कोणी कोपऱ्यात गाठलेलं त्यांना आवडत नसे, त्यात बहिणीनं तर नाहीच. पण नाक्यावरचे कबाबही मनात सलत होते.

"ठीक आहे. रस्त्यावर शिफ्ट. जुम्म्याला शेड बंद असते, तेव्हा. सकाळी सातला निघायचं. नमुन्यांचं गाठोडं लादून, पुरा बोजा घेऊन. आणि समोर मी पाहिजे."

"समोर कसे बसाल भाई?" माजिदा म्हणाली. "मागं बसा."

शुक्रवारी सकाळी थंडी होती. चिंधूनं राखाडी गाडी दारात आणून दिली आणि गुलाम हुसेनकडे न बघता तिच्या टाकीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. गुलाम हुसेन शेरवानीवर स्वेटर आणि कानाला मफलर बांधून आले. त्यांचं वजन गाठोड्यासकट गाडीवर पडलं तसं मागचं चाक निम्मं बसलं. इक्बालच्या खांद्याला धरायचं म्हणजे कमीपणा, म्हणून त्यांनी हात मागे नेऊन कॅरिअर घट्ट पकडलं.

वडप्याला महामार्ग लागला. मग वाऱ्याच्या आवाजात त्यांचे हुकूम सुरू झाले.

"खड्डा!"

"बघितला, भाई."

"बघितला तर मग त्यात कशाला गेलात?"

पडघ्याला एक म्हैस आडवी आली. इक्बालनं ब्रेक मारला. गुलाम हुसेनचं नाक त्याच्या मानेवर आपटलं.

"दुल्हेभाई, म्हशीला तुमच्यापेक्षा जास्त रस्ता कळतो. तिनं आधी दोन्ही बाजूंना बघितलं."

शहापूर गेलं. इक्बालच्या चुलत्याचं घर रस्त्यावरून दिसत होतं. चुलते ओट्यावर बसले होते, त्यांनी हात वर केला. इक्बालला हात वर करता आला नाही. गाडी मात्र मस्त चालली होती. हिचा आवाज मोठा नव्हता, एकसारखा होता. नीट बांधलेल्या लूमचा असतो तसा. कसारा घाट सुरू झाला तसे मालट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगू लागले. राखाडी गाडी दोन माणसं आणि गाठोडं घेऊन गुरगुरत त्यांना मागे टाकत चढू लागली. एका वळणावर खाली दरी दिसली, आणि गुलाम हुसेननी कॅरिअर सोडून इक्बालच्या कमरेला मिठी मारली. ती घाट संपेपर्यंत सुटली नाही.

"दम घुसमटतोय भाई."

"गप्प चालवा!"

घाटमाथ्यावर एक ढाबा होता. भिवंडीहून सुटलेला प्रत्येक ट्रक घाट चढून आला की तापलेल्या रेडिएटरवर पाणी ओतायला इथं थांबे. इक्बालनं गाडी स्टँडवर लावली. गुलाम हुसेन उतरले आणि उतरले त्याच आकारात काही वेळ उभे राहिले. पाठ सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. मग ते वाकले, लूमच्या बेअरिंगवर ठेवतात तसा त्यांनी उपडा हात इंजिनाजवळ नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. वास घेतला. खाली तेल पडलंय का ते पाहिलं. एक थेंब नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी सुजलेलं बोट घेऊन उभा होता, तसाच इक्बाल शेजारी उभा राहिला.

"पास," गुलाम हुसेन म्हणाले.

अजून दुपारही झाली नव्हती. शिफ्ट अर्ध्यावर असताना त्यांनी एखाद्या मशीनला पास केल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. पण त्यांची कंबर बघता इक्बालनं तो मुद्दा काढला नाही. त्याच्या मनात रस्ता पुढे पळत होता. आज यांना घरी पोचवून परवा पहाटे निघायचं. सोमवारपर्यंत इंदूर.

"मग परवा निघतो, भाई."

"कुठं?"

"पालीला."

गुलाम हुसेननी बाकावर बसून चहा बशीत ओतला. "दुल्हेभाई, एवढी चांगली मशीन मिळाली, ती पालीला घालवायची? काल्हेरच्या गोदामातून सूत आणायला माणूस रिक्षानं जातो. उद्यापासून तुम्ही गाडीवर जा. सकाळ-संध्याकाळ."

"तुम्ही म्हणालात, पास झाली की जा."

"मी म्हणालो, पास झाल्याशिवाय जायचं नाही. पास झाली की जा असं कोण म्हणालं?" ते फुर्रकन चहा प्याले. "लाल गाडी घेऊन जा म्हणालो, नेली चिंधूनं. काळी घेऊन जा म्हणालो, तीपण गेली. नापास झालं ते जातं. पास झालेला लूम मी कधी दाराबाहेर काढलाय? आणि लूमचं सोडा." त्यांनी बशी खाली ठेवून इक्बालकडे मोठ्या आपुलकीनं पाहिलं. "तुम्ही पास झालात, तुम्हाला कुठं जाऊ दिलं?"

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर इक्बाल नेहमीसारखा गप्प बसला असता. पण ते कौतुकानं म्हणाले. त्यांच्या तोंडून त्याला नऊ वर्षांत मिळालेलं ते पहिलं कौतुक होतं.

इक्बालनं चहा संपवला. मग उठून त्यानं कॅरिअरची दोरी सोडली आणि नमुन्यांचं गाठोडं काढलं. पलीकडे अनंताचा ट्रक उभा होता. अनंता बॉनेटवर चढून पाणी ओतत होता आणि वाफेतून डोळे मिचकावत या दोघांकडे बघत होता. ट्रकमध्ये शेडच्याच गाठी होत्या, दलालाच्या नावानं चाललेल्या.

"अनंता, धुळ्यापर्यंत जागा आहे?"

"पालीपर्यंत हाय. क्लीनर आजारी हाय माजा."

इक्बाल बाकाकडे आला आणि गाडीची चावी गुलाम हुसेनच्या तळहातावर ठेवली. "घ्या भाई. मशीन शेडच्या नावानं घ्यायचीय, पास आहे. ठेवा."

गुलाम हुसेननी चावीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग खाली उतरत गेलेल्या घाटाकडे पाहिलं. त्यांनी जन्मात सायकलचंसुद्धा हँडल धरलं नव्हतं. घर ते शेड पायी आणि बाकी सगळीकडे रिक्षा, एवढाच त्यांचा प्रवास होता.

"गंमत पुरे झाली. चला, परत फिरा. जुम्म्याची नमाज चुकेल."

"इगतपुरीला मशीद आहे. सरळ रस्ता आहे."

"आणि ही? ही कोण नेणार?"

"भरवशाची आहे. तिला कुठं काय होतंय?"

"दुल्हेभाई!" ते उठायला गेले, पण कमरेनं त्यांना पुन्हा बाकावर बसवलं. "तुम्ही ट्रकमधून उतराल पालीला? गाठीसारखे? तो शेठ तुम्हाला पाणी तरी विचारील का?"

हा घाव बरोबर बसला. ट्रकमधून उतरलेला, डिझेलचा वास येणारा, चुरगळल्या सदऱ्यातला माणूस; भाव पाडतीलच. इक्बालनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"पाणी मी मागून पिईन, भाई. माजिदाला सांगा, पोचलो की तार करतो."

"मी सांगायला घरी कसा जाऊ?" गुलाम हुसेन गरजले. ढाब्यावरची माणसं वळून बघू लागली. एका ट्रकवाल्यानं त्यांना समजावलं की खाली जाणाऱ्या कांद्याच्या गाडीत गाडीही बसेल आणि शेठही बसतील, फक्त शेठनी वर बसायला हवं. गुलाम हुसेननी त्याला कांद्याविषयी, नाशिक जिल्ह्याविषयी आणि त्याच्या घराण्याविषयी आपलं मत ऐकवलं. या माणसाशी नातं नसल्यामुळे अदबीची अडचण नव्हती.

इक्बाल केबिनमध्ये चढला. अनंतानं बॉनेट आपटून बंद केलं, चाकामागचा दगड काढला आणि स्टिअरिंगवर येऊन बसला. ट्रक हलला. बाजूच्या आरशात ढाबा मागे सरकू लागला. बाकावर स्वेटर-मफलरमधले गुलाम हुसेन, शेजारी राखाडी गाडी आणि दोघांभोवती जमत चाललेली मंडळी.

अनंतानं आरशात नजर टाकली. "तुमचे शेठ ना ते?"

"गाडीचे," इक्बाल म्हणाला, आणि गाठोडं मांडीवर घेऊन नीट सावरून बसला, कारण घोटीपर्यंत रस्ता फार वाईट होता.